बादलचा डावा खुबा

तिसऱ्यांदा मी स्टीलचं ताट फरशीवर आपटलं तेव्हा गांगुर्डे म्हणाले, "मॅडम, लय झालं नाय का?"

झालंच होतं. हे ताट एकदाच आपटायचं असतं. कुत्र्याच्या मागे, सात-आठ पावलांवर, त्याचं लक्ष नसताना. आवाजाने तो दचकला तर तो दोष धरत नाहीत. दचकल्यावर सावरायला त्याला किती वेळ लागतो ते बघायचं असतं. काही कुत्री शेपूट पायांत घालून मालकाच्या मागे लपतात आणि तासभर बाहेर येत नाहीत. काही उलटून अंगावर येतात. बादल पहिल्या वेळी दचकला, वळला, ताटाजवळ आला, ते हुंगलं आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली. दुसऱ्या वेळी नुसते कान हलवले. तिसऱ्या वेळी त्याने मान वळवायचीही तसदी घेतली नाही.

मी फॉर्मवर लिहिलं, "आवाज : उत्तम." लिहिताना आनंद झाला नाही.

मी जनावरांची डॉक्टर आहे. सातपूरला माझा दवाखाना आहे. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा आणि एक पत्र्याची शेड. वर्कशॉपच्या राखणीची कुत्री, कॉलनीतली पाळलेली कुत्री आणि मोटरसायकलखाली सापडलेली बेवारशी, अशी माझी प्रॅक्टिस. अठ्ठावीस वर्षं झाली.

बादल आजारी नव्हता. साडेतीन वर्षांचा, काळाभोर, लॅब्राडोर जातीचा नर. आमच्या जिल्ह्यात लॅब्राडोर पाळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. वाटेल तो नर वाटेल त्या मादीला लावल्यामुळे आजारी पिल्लं जन्माला येतात, हे बघून त्या लोकांनी आपणहून एक नियम केला. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून फिट म्हटल्याशिवाय नर ब्रीडिंगला वापरायचा नाही. एकाने जरी अनफिट लिहिलं तरी तो बाद. नियम चांगला आहे. तो करताना माझाही सल्ला घेतला होता.

बादलच्या फॉर्मवर पहिली सही झालेली होती. डॉ. निखिलची.

आता निखिलबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

निखिल कॉलेजातून बाहेर पडला तो थेट माझ्याकडे आला. चार वर्षं माझ्या हाताखाली होता. सुई कुठे टोचायची इथपासून मालकाला वाईट बातमी कशी सांगायची इथपर्यंत सगळं तो माझ्याकडे शिकला. मग एक दिवस पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, गंगापूर रोडला जागा बघितलीय." मी पेढा खाल्ला. सहा वर्षांत तिथे तीन मजली हॉस्पिटल उभं राहिलं. काचेचा दरवाजा, डिजिटल एक्स-रे, कॉफीचं मशीन. मांजरांसाठी वेगळी वेटिंग रूम, कारण कुत्र्यांच्या वासाने मांजरं घाबरतात.

त्या वेटिंग रूमने मला सगळ्यात जास्त छळलं. ती कल्पना माझी होती. निखिल माझ्याकडे होता तेव्हा मी दहा वेळा म्हटलं असेल की जागा असती तर मांजरांना वेगळं बसवलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी त्याने माईकवर सगळ्यांना सांगितलं, "ही खोली मॅडमच्या डोक्यातून आली आहे." टाळ्या पडल्या. त्याने ती कल्पना चोरली असती तर मला निदान उघड चिडता आलं असतं. त्याने तीही सोय ठेवली नाही.

माझे जुने क्लायंट एकेक करून तिकडे गेले. रस्त्यात भेटले की ओशाळून म्हणायचे, "घराजवळ पडतं हो." इथल्याच कामटवाड्यातल्या माणसाला गंगापूर रोड घराजवळ कसा पडतो हे मी विचारायचे नाही. मी हसायचे आणि घरी येऊन भांडी जोरात घासायचे. जळत होते मी. सरळ शब्दांत सांगते, कारण पुढे जे झालं ते त्यातून झालं.

तर गांगुर्डे बादलला घेऊन आले तेव्हा फॉर्मवरची ती सही मी आधी पाहिली आणि कुत्रा नंतर.

गांगुर्डे इगतपुरीचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर होते, आता रिटायर. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात अजून टेस्टर ठेवणारे. बादलची आई त्यांच्याकडे अकरा वर्षं होती. क्वार्टरपासून केबिनपर्यंत ती रोज त्यांच्याबरोबर चालत जायची आणि ड्युटी संपेपर्यंत बाहेर बसून राहायची. तिच्या एकुलत्या एका वेतात पाच पिल्लं झाली. चार गेली, हा एक राहिला. मग तीही गेली.

"मला कुत्र्यांचा धंदा नाय करायचा मॅडम," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "सायखेड्याच्या एका शेतकऱ्याची मादी हाय, चांगल्या घरची. तिला लावायचा, आन् एक पिल्लू घरी आणायचं. याच्या आईची चाल ज्याच्यात उतरंल ते. तेवढंच पाहिजे."

"आणि दोन डॉक्टरांनी फिट म्हटलं नाही तर?"

"तर नाय. नियम म्हंजे नियम."

स्वभावाची तपासणी मी पुढे चालू ठेवली. शेडच्या कोपऱ्यावरून अचानक छत्री उघडली. बादल छत्रीखाली येऊन बसला. अनोळखी माणूस म्हणून समोरच्या गॅरेजवाल्याला भरभर चालत अंगावर यायला लावलं. बादलने त्याचा हात चाटला. भाकरीचा तुकडा पुढे ठेवून तो खाताना ओढून घेतला. त्याने मान वर करून वाट पाहिली, गुरगुरला नाही. पायाच्या बोटांमधली कातडी चिमटीत दाबली. त्याने पाय काढून घेतला आणि दुसरा पुढे केला. माझ्याकडे दाखल असलेला एक भांडकुदळ बोका पिंजऱ्यासकट त्याच्यासमोर आणून ठेवला. हे तर फॉर्मवर नव्हतंच. बोका फिसकारला, बादल दोन पावलं मागे सरला आणि पोटावर पसरला.

अठ्ठावीस वर्षांत इतका समंजस नर मी दोन-तीनच पाहिले असतील. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी त्याच्या प्रेमात पडले असते.

"निखिल डॉक्टर पन हेच म्हनले," गांगुर्डे म्हणाले. "म्हनले, असा कुत्रा रोज नाय येत."

मी बोका आत नेऊन ठेवला.

मग शरीराची तपासणी. दात, डोळे, हृदयाचे ठोके. दोन्ही अंडकोश खाली उतरलेत ना ते, कारण एक वर अडकलेला असेल तर तो दोष पिल्लांत उतरतो. ब्रुसेलासाठी रक्त घेतलं. हा संबंधातून पसरणारा आजार आहे, मादीचा त्याने गर्भपात होतो. सगळं ठीक. राहिला खुबा.

लॅब्राडोरमध्ये खुबा महत्त्वाचा. मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो. काही कुत्र्यांत ती खोबण उथळ असते, गोळा सैल राहतो, आणि पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत कुत्रा लंगडायला लागतो. हे आईबापाकडून येतं, म्हणून असा नर वापरायचा नाही. बाहेरून बघून ते नेहमीच कळतं असं नाही. एक्स-रे काढावा लागतो.

गांगुर्डेंनी मोबाईल पुढे केला. "निखिल डॉक्टरांनी फोटू पाठवलाय, बघता का?"

"नाही. दुसऱ्याची फिल्म बघून मी सही करत नाही. नियमच तसा आहे."

ते खरंच होतं. नियम तसाच आहे. पण त्या क्षणी मी नियमासाठी नाही म्हटलं नाही. निखिलच्या मशीनवर निघालेली स्वच्छ फिल्म मला बघवली नसती.

माझं एक्स-रे मशीन जुनं आहे. फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागते. माझे कंपाउंडर शेलार मामा बावीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. बादलला गुंगीचं इंजेक्शन दिलं, टेबलावर उताणा झोपवला. मागचे दोन्ही पाय सरळ ओढायचे, गुडघे आतल्या बाजूला वळवायचे आणि कंबर टेबलाला अगदी सपाट ठेवायची, अशी ही पद्धत. पाय शेलार मामांनी धरले.

"मॅडम, जरासं कलतंय," मामा म्हणाले.

"ठीक आहे. गुंगी उतरेल, धरा."

बटण दाबलं. फिल्म धुतली आणि ओली असतानाच चिमट्याला लावून दिव्याच्या पेटीसमोर धरली. डावा खुबा उथळ दिसत होता. गोळ्याचा निम्म्याहून कमी भाग खोबणीत होता.

खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर आनंदाचा काटा आला. निखिलच्या नजरेतून हे सुटलं! डिजिटल मशीन, तीन मजले, आणि डावा खुबा सुटला. आणि तो सापडला कुणाला, तर सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

फिल्ममध्ये काही वावगं दिसलं की दुसरी काढायची, ही साधी रीत आहे. मी कित्येकदा दुसरी काढली आहे, तिसरीही काढली आहे. त्या दिवशी काढली नाही. या फिल्मने खुबा चांगला दाखवला असता तर मी नक्की तीन काढल्या असत्या.

बाहेर येऊन मी गांगुर्डेंना समजावून सांगितलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. बादल गुंगीतून उठून भिंतीला टेकून उभा होता आणि मान सावरत होता.

"म्हंजे याला त्रास होईल?"

"लगेच नाही. वजन वाढू देऊ नका. पण ब्रीडिंगसाठी अनफिट."

"निखिल डॉक्टर तर फिट म्हनले होते."

"माणूस घाईत असला की सुटतं," मी म्हणाले.

त्यांनी कागदावरच्या चित्रावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं. तुम्ही बघितलं म्हंजे झालं." फॉर्म घडी करून टेस्टरच्या खिशात ठेवला, बादलच्या पाठीवर हात फिरवला आणि गेले. तो सोमवार होता.

मंगळवारी सकाळी निखिलचा फोन आला.

"मॅडम, गांगुर्डेकाकांचा फोन होता. बादलचा डावा खुबा सैल वाटला का तुम्हाला?"

"वाटला नाही. दिसला."

"माझ्या फिल्ममध्ये दोन्ही चांगले होते. एकदा परत काढू या का? तुमच्याकडेच काढू. मी येतो."

"निखिल, फिल्म कशी वाचायची हे तू मला सांगणार का आता?"

"नाही मॅडम. तसं नाही."

"मग झालं तर." मी फोन ठेवला.

तो दिवस छान गेला. बुधवारही. औषधांच्या दुकानदाराला मी नाव न घेता सांगितलं की मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा कशा चुका होतात. त्याने नाव बरोबर ओळखलं, तेव्हा मी नुसती हसले. संध्याकाळी आमटी भुरकताना नवरा म्हणाला, "आज स्वारी खुशीत दिसते." मी म्हटलं, काही नाही, एक केस चांगली पकडली.

पण इतक्याने भागेना. आमच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निखिल तिथे दर आठवड्याला एखादी केस टाकतो आणि सगळे लाइकचे अंगठे टाकतात. शनिवारी दुपारी मला वाटलं, आपणही टाकावी. "खुबा तपासताना काय सुटू शकतं," असं वर लिहायचं. नाव कुणाचंच नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

फिल्म काढली, पेटीचा दिवा लावला आणि मोबाईल समोर धरला. कुत्र्याचं आणि मालकाचं नाव कोपऱ्यात होतं, ते फोटोत येऊ नये म्हणून मी मोबाईल वर-खाली करत होते. त्यामुळे पहिल्यांदा खुब्याकडे न बघता पूर्ण फिल्मकडे बघितलं गेलं.

कंबरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन भोकं असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. कुत्रा सपाट झोपला असेल तर फिल्ममध्ये दोन्ही सारखी दिसतात. कललेला असेल तर एक मोठं दिसतं आणि एक बारीक. आणि कंबर कलली की एका बाजूचा खुबा उगाचच उथळ दिसतो, दुसऱ्या बाजूचा उगाचच खोल. म्हणून खुब्याची फिल्म हातात आली की आधी ती दोन भोकं बघायची. सारखी नसतील तर फिल्म फेकून द्यायची आणि दुसरी काढायची. पुढचं काही वाचायचंच नाही. हा पहिला धडा आहे. निखिलला तो पहिल्याच महिन्यात मी दिला होता, आणि पुढे चार वर्षं तो विसरला की टेबलावर पेन्सिल आपटली होती.

बादलच्या फिल्ममध्ये एक भोक लिंबाच्या फोडीएवढं होतं आणि दुसरं नुसती चीर.

मी मोबाईल खाली ठेवला. शेलार मामा शेजारी उभे होते. त्यांनी फिल्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडकं घेऊन टेबल पुसायला गेले. टेबल स्वच्छच होतं.

गांगुर्डेंना लगेच फोन लावला.

"गांगुर्डे, बादलला घेऊन येता का? एकदा परत फिल्म काढायची आहे."

"आता कशाला मॅडम? टाके हायेत त्याला."

"कसले टाके?"

"ऑपरेशन केलं ना गुरुवारी. खच्ची केला. इथल्याच डॉक्टरांनी केलं, चांगलं केलंय."

 डोक्यात आधी डॉक्टरच बोलला. ऑपरेशननंतरही काही दिवस नराच्या नळीत थोडं बीज शिल्लक राहतं. क्वचित त्यावर मादी गाभण राहिल्याचं मी पाहिलंय. पण सायखेड्याची मादी माजावर यायला अजून दोन महिने होते. तोही रस्ता बंद.

"घरी आहात का?" मी विचारलं. "मी येते."

इगतपुरीला जाताना गाडीत मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. एकात मशीन जुनं होतं. एकात गुंगी लवकर उतरत होती. एकात शंभरात एखादी फिल्म अशी निघतेच. तिन्ही वाक्यं खरी होती आणि तिन्ही उपयोगाची नव्हती. भाताची कापणी चालू होती, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे होते, आणि घोटीच्या पुढे एकाच्या मागे मी वीस मिनिटं अडकले. हॉर्न वाजवला नाही. उशीर झाला तर बरंच, असं वाटत होतं.

गांगुर्डेंचं घर स्टेशनपासून थोडं वर आहे. बादल पडवीत होता. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेलं. मला बघून उठला आणि नरसाळ्यासकट येऊन माझ्या गुडघ्यावर आदळला. शेपूट हलत होती. सोमवारी मी त्याच्याशी जे वागले त्यातलं काही त्याच्या लक्षात नव्हतं.

गांगुर्डेंच्या पत्नीने पाट पुढे सरकवला. मी बसले आणि सांगून टाकलं. तीनपैकी एकही वाक्य वापरलं नाही.

"माझी फिल्म चुकली. कुत्रा वाकडा झोपला होता. मामांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्या फिल्मवरून काही लिहायलाच नको होतं."

 गांगुर्डेंनी मोबाईल काढला, निखिलची फिल्म उघडली आणि माझ्या हातात दिला. या वेळी मी बघितली. दोन्ही भोकं सारखी. गुडघ्याच्या वाट्या मधोमध. दोन्ही गोळे खोबणीत घट्ट बसलेले. पुस्तकात छापावी अशी फिल्म. आणि इतकं सगळं होऊनही माझ्या पोटात दुखलं. इतकी सुंदर फिल्म मी आयुष्यात काढली नव्हती.

"म्हंजे खुबा चांगला हाय," गांगुर्डे म्हणाले.

"चांगला आहे."

काकूंनी विचारलं, "मंग आता पिल्लू नाय व्हायचं का त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

त्या उठून आत गेल्या. आत भांड्याचा आवाज झाला.

"इतकी घाई का केलीत?" मी विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता, पण विचारलं.

"घाई नाय मॅडम. आमच्या खात्यात असंच शिकवलं. रिले असो, रूळ बदलायचं पॉइंट मशीन असो, टेस्टिंगला अनफिट निघालं की त्याच दिवशी लाइनीतून बाहेर. बाजूला ठेवायचं पन नाय. बाजूला ठेवलं की अडचणीच्या टायमाला कोनीतरी उचलून लावतो, आन् मंग गाडी जाते खड्ड्यात. इथं लोक घरी येऊन मागतात कुत्रा. सोयरेधायरे हायेत, नाय म्हनायला जड जातं. म्हनलं, मुळातच काढून टाकू. आजारी पिल्लं नको कोनाच्या दारात."

"निखिलने थांबायला सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. बुधवारी दोनदा फोन केला त्यांनी. म्हनले, काका, थोडं थांबा, मी मॅडमला समजावतो, परत फोटू काढू. मी म्हनलं, साहेब, तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात ना? मंग मॅडमनी अनफिट लिहिलंय तर अनफिटच. तुमच्यापेक्षा त्यांचा शब्द मोठा."

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी सहा वर्षं वाट पाहत होते. लग्नकार्यात, बाजारात, क्लायंट सोडून जाताना, दर वेळी मनातल्या मनात मीच ते दुसऱ्याच्या तोंडी घालत होते. इगतपुरीच्या पडवीत ते मला ऐकायला मिळालं, आणि समोर बादल नरसाळं घालून बसला होता.

तेव्हा मी उरलेलंही सांगितलं. "गांगुर्डे, फिल्म नुसती चुकली नाही. मला निखिल चुकलेला पाहिजे होता. म्हणून मी दुसरी काढली नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा भरवशाचा मीटर आपल्याला इतके दिवस खोटं रीडिंग देत होता हे कळल्यावर फिटर जसा बघेल, तसे ते बघत होते.

"हे सांगायला नको होतं मॅडम," ते म्हणाले. "चुकीपरेंत ठीक होतं."

चहा झाला. मी बादलचे टाके बघितले. ऑपरेशन नीटच झालं होतं. निघताना ते फाटकापर्यंत आले, पण पुन्हा या असं म्हणाले नाहीत.

सोमवारी मी लॅब्राडोरवाल्यांच्या ग्रुपला लेखी कळवलं की माझा फॉर्म रद्द समजावा आणि चूक माझी आहे. निखिललाही फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, माझ्याकडूनही होतं असं." त्याच्याकडून असं होत नाही. मला माहीत आहे, मीच शिकवलंय. त्याने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. औषधांच्या दुकानदाराला मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं, आणि या वेळी नाव घेऊन. त्याने पाकिटं मोजता मोजता "असं होय" म्हटलं.

बादल आता वजनाला थोडा वाढलाय म्हणे. खच्ची केल्यावर वाढतात. तो निखिलकडे जातो. सायखेड्याच्या मादीला दुसरा नर लागला, सात पिल्लं झाली. गांगुर्डेंनी त्यातलं घेतलं नाही. दुसऱ्याच्या रक्ताचं पिल्लू घेऊन काय करू, असं ते निखिलला म्हणाले.

नव्या डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून यातून निघालेलं तात्पर्य लिहिते. फॉर्मवर कुत्र्याचा राग, भीती, खादाडपणा, सगळ्याला रकाना आहे. तपासणाऱ्याच्या मनात काय चाललंय, त्याला रकाना नाही. तो आपला आपण भरायचा असतो, आणि फिल्म हातात घ्यायच्या आधी भरायचा असतो. मला ते जमेल असा भरवसा मला स्वतःला वाटत नाही. म्हणून मी एक साधी व्यवस्था केली आहे. खुब्याच्या फिल्म मी काढते, पण वाचत नाही. वाचायला निखिलकडे पाठवते.

तो त्याच दिवशी रिपोर्ट देतो. शेवटी दर वेळी एक ओळ जास्तीची लिहितो, "पोझिशनिंग उत्तम, मॅडम." दर वेळी मला त्याचा राग येतो.